चव्वेचाळिसाव्या किलोमीटरवरची वाट

खमीस मुशैत,
१४ जानेवारी २०२४

चि. फरहाना,

तुझा ईमेल तुझ्या अब्बांकडून, ताजुद्दीनकडून घेतला. उजव्या कानाने ऐकू येईनासं झाल्यापासून मी फोन टाळतो, म्हणून हे लांबलचक लिहितोय. तू मला शेवटचं अल खफजीला पाहिलंस तेव्हा दहा-अकरा वर्षांची असशील. मे महिन्याच्या सुट्टीत रत्नागिरीहून यायचीस आणि समुद्रावरून येताना खिसे भरून मेलेले खेकडे आणायचीस. ताजुद्दीन ओरडायचा, मी हसायचो. तो नाशिकचा कमलाकर गायधनी आता एकोणसाठ वर्षांचा झालाय.

ऑक्टोबरपासून मी इथे, सौदीच्या नैऋत्येला आहे. खमीसच्या पूर्वेला जो चौपदरी रस्ता झालाय, त्यातले एकतीस ते अठ्ठावन्न किलोमीटर माझ्याकडे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जाळीचं उंच कुंपण घातलंय. ते हवंच होतं. उंट आडवा आल्यामुळे इथे एका गाडीतली पाचही माणसं गेली होती. कुंपणानंतर उंट थांबले.

पण परवा सकाळी चव्वेचाळिसाव्या किलोमीटरवर एक हरणी जाळीत शिंग अडकून मेलेली सापडली. इदमी म्हणतात इथे, आपल्या चिंकाऱ्याचं भावंड. अबू मिस्फर नावाचा म्हातारा धनगर तिथे शेळ्या चारतो. तो मला मुहंदिस, म्हणजे इंजिनिअर म्हणतो. म्हणाला, "या मुहंदिस, ही डोंगरातून खाली वादीत, ओढ्याच्या पात्रात, पाण्याला जायची वाट आहे. माझ्या आजोबांच्या आधीपासूनची." मी म्हटलं, "सगळी हरणं इथूनच जातात?" तर म्हणाला, "दुसरीकडे कडा आहे. तू गेला असतास का कड्यावरून?"

ऑफिसात येऊन पर्यावरण अहवाल काढला. त्यात एक वाक्य आहे: या पट्ट्यात वन्य प्राण्यांची नियमित ये-जा आढळली नाही. खाली सही तुझी. मला तर ठाऊकही नव्हतं की तू हे काम करतेस.

तुमचे कॅमेरे चव्वेचाळीसवर लागले होते का? एवढंच विचारायचं आहे.

तुझा,
कमलाकरकाका


ओलाया, रियाध,
२ फेब्रुवारी २०२४

प्रिय कमलाकरकाका,

सलाम. तुमचं पत्र तीनदा वाचलं. मराठीत इतकं लांब मला कुणी लिहून जमाना झाला. खेकड्यांची गोष्ट अफशाँला सांगितली. ती माझी मुलगी, नववीत आहे. मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत देते.

अहवालाचं म्हणाल तर, काका, तो तसा जुना आहे. २०२२ चा. असल्या कामात बरेच हात असतात. सर्व्हेचे दिवस मोजके असतात, ऋतू एकच असतो. एका ऋतूत प्राणी दिसले नाहीत म्हणजे ते नाहीतच असं आम्हीही म्हणत नाही. "आढळली नाही" एवढंच म्हणतो.

तुम्ही एक करा. मेलेल्या जनावरांची नोंद ठेवा. तारीख, किलोमीटर, कुंपणाची कुठली बाजू, नर की मादी. फोटो काढा. नोंद असली की पुढे बोलता येतं.

घरचं बरं आहे. माझा नवरा शाहिद, त्याची कंपनी डिसेंबरात बंद झाली, तो नवीन काम बघतोय. सध्या तिघांचेही इकामे, इथे राहायचे परवाने, माझ्या नोकरीवर आहेत. सकाळी मी टॅक्सीत बसते तेव्हा तो गॅलरीत उभा असतो, संध्याकाळी येते तेव्हाही तिथेच असतो.

अब्बांना तुमचा सलाम कळवला. त्यांना आता टीव्हीवरची अक्षरं दिसत नाहीत. आवाजावरून माणसं ओळखतात.

तुमची,
फरहाना


खमीस मुशैत,
९ मार्च २०२४

चि. फरहाना,

तू सांगितलंस तशी नोंद ठेवली. जानेवारीतली ती पहिली हरणी धरून आठ आठवड्यांत चौदा इदमी, दोन तरस, एक कोल्हा आणि एक साळिंदर. चौदांपैकी अकरा हरणं चव्वेचाळीस ते पंचेचाळीसच्या मधली, सगळी उत्तरेच्या म्हणजे डोंगराच्या बाजूला. जाळीत अडकलेल्या फक्त तिघी. बाकीची कुंपणाच्या कडेने चालत राहिली आणि पडली. जमिनीवर पायवाट पडलीय बघ. दोन किलोमीटर पूर्वेला, दोन किलोमीटर पश्चिमेला, परत पूर्वेला. पाण्याचा वास इकडे येत असणार.

पंचनामा करायला माझ्याबरोबर सुयश असतो. पुण्याचा आहे, तिशीतला, माझ्या हाताखाली शिकलेला. त्याने पहिल्या दिवशी विचारलं, "सर, हे आपल्या स्कोपमध्ये आहे का?" आता विचारत नाही.

मूळ नकाशे पाहिले. या सत्तावीस किलोमीटरमध्ये रस्त्याखालून तीन मोठे बोगदे होते, दहा मीटर रुंद, चार मीटर उंच. पाणीही गेलं असतं, जनावरंही. नंतरच्या नकाशात त्यांच्या जागी नव्वद सेंटीमीटर व्यासाचे पाइप आलेत. कुणीतरी ऑफिसात बसून ते बदलले. त्यातून हरण कसलं जातंय.

तुझ्यावर त्या वेळी दबाव आला असणार, हे मला दिसतंय. तू सरळ मुलगी आहेस. आता ही नोंद जोडून तू अधिकृतपणे एक पत्र लिहिलंस, की अहवालाचा फेरविचार व्हावा, तर मी इथून ते पुढे रेटीन.

शाहिदचं काही जमलं का? माझी ओळख आहे तिथे विचारतो.

काका


ओलाया, रियाध,
२१ एप्रिल २०२४

प्रिय काका,

रमझान होता, मग ईद, म्हणून उशीर झाला असं लिहिणार होते. पण ते खरं नाही.

तुम्ही मला सरळ मुलगी म्हणालात, त्यानंतर लिहिणं अवघड झालं.

कॅमेरे चव्वेचाळीसवर होते, काका. चोवीस दिवस होते. मी स्वतः खडकांना पट्टे आवळून लावले होते. त्या एका जागी इदमी हरणं एकसष्ट वेळा रस्त्याची आखणी ओलांडून गेली. पहाटे खाली, ऊन चढण्याआधी वर. एका मादीच्या डाव्या कानाला खाच होती. ती पुढे असायची आणि बाकीच्या मागे. तिला मी नाव नाही दिलं, आम्हाला ती सवय लावत नाहीत. पण दिसली की बरं वाटायचं.

मसुदा दिला तेव्हा आमचे डायरेक्टर म्हणाले की चव्वेचाळीसची जागा अभ्यासक्षेत्राच्या हद्दीबाहेर धरू, कॅमेरे चुकून तिकडे लागले. नकाशावरची हद्द तीनशे मीटर अलीकडे ओढली. मग उरलेल्या जागांवर खरंच काही आढळत नव्हतं. वाक्य मला लिहायला सांगितलं नव्हतं, काका. "बघ कसं बसतंय ते," एवढंच म्हणाले. ते मी बसवलं. दबाव म्हणावा असं कुणी काही केलं नाही. मला प्रमोशन हवं होतं आणि मी फार थकले होते.

ज्याने तुमचे बोगदे काढून पाइप टाकले, त्याला फार बोलू नका. त्याच्यापुढे माझंच वाक्य असणार. प्राणी नाहीत म्हटल्यावर कोण कशाला बोगदा ठेवील?

एकसष्ट फोटो माझ्या घरी हार्ड डिस्कवर आहेत. पण मी पत्र लिहू शकत नाही. माझी नोकरी गेली तर आम्हा तिघांना देश सोडावा लागेल आणि अफशाँची दहावी आहे. शाहिदचं अजून काही नाही. तुम्ही ओळख काढलीत त्यांनी फोन घेतला, बस.

माफ करा.

फरहाना


खमीस मुशैत,
३० जून २०२४

चि. फरहाना,

दोन महिने झाले. या दोन महिन्यांत आणखी नऊ हरणं. उन्हाळा आहे, डोंगरातली डबकी आटली आहेत. तुझी कानाला खाच असलेली मादी १९ मे रोजी सापडली. मी ते तुला कळवणार नव्हतो, पण आता लपवालपवी पुरे झाली.

तो माणूस मी आहे.

२०२२ मध्ये मी आमच्या रियाधच्या ऑफिसात डिझाइनला होतो. काम लवकर उरकायच्या सूचना मागवल्या होत्या. तीन बोगदे म्हणजे तीन वेळा खोदाई आणि पाच महिने जास्त. मी पावसाचा हिशेब केला, पाणी वाहून जायला पाइप पुरतात असं दाखवलं आणि दोन पानांची टिपणी दिली. त्या टिपणीसाठी मला एक चौकट मिळाली, कौतुकाची. ती नाशिकला आमच्या हॉलमध्ये आहे. बायको, विद्या, तिच्यावरची धूळ पुसते.

जनावरं माझ्या मनातही आली नव्हती. मी फक्त पाणी मोजलं.

आणि हे नीट वाच. जानेवारीत मी तुला पहिलं पत्र लिहिलं ते हरणांच्या कळवळ्याने लिहिलं असं तुला वाटत असेल. तसं नव्हतं. ती हरणी पाहिल्यावर मला तुझं वाक्य सापडलं आणि जीव हलका झाला. म्हटलं, प्राणी नाहीत असं तज्ज्ञ मंडळीच म्हणाली होती, आपण काय करणार? कॅमेरे चव्वेचाळीसवर नव्हते असं तू सांगशील आणि मग मला झोप लागेल, म्हणून विचारलं.

तुझं एप्रिलचं पत्र आल्यावर दोन्ही कागदांच्या तारखा लावून पाहिल्या. माझी टिपणी तुझ्या अहवालाच्या चाळीस दिवस आधीची आहे. म्हणजे बोगदे तुझ्या वाक्यामुळे गेले नाहीत. बोगदे आधीच गेले होते. तुझ्या डायरेक्टरांना ते ठाऊक होतं आणि हद्द माझ्या पाइपांसाठी सरकली. माझ्या मापाने तुझं वाक्य बेतलं गेलं.

हे तुला लगेच सांगायला हवं होतं. दहा आठवडे लागले.

मी माझ्या नावाने पत्र देतोय, की डिझाइनमधला बदल मी सुचवला, प्राण्यांचा विचार न करता सुचवला आणि तो चुकीचा होता. सोबत नोंदी. माझी आठ महिन्यांची नोकरी राहिलीय, माझं काय होणार? तू यात पडू नकोस. फोटो जिथे आहेत तिथे राहू देत. अफशाँची दहावी होऊ दे.

काका


ओलाया, रियाध,
२५ ऑगस्ट २०२४

प्रिय काका,

तुमचं ऐकलं नाही.

तुमचं पत्र रस्त्याच्या मालकांकडे पोहोचलं ते मला इथे लगेच कळलं, कारण आमच्या ऑफिसात त्याचीच चर्चा होती. डायरेक्टर हसत म्हणाले, "बूढ़ा आदमी है, रिटायरमेंट के पहले सबको पछतावा होता है." चारचौघं हसले. मीही हसले असेन, आठवत नाही. संध्याकाळी टॅक्सीत कळलं की हे असंच संपणार. मेलेल्या हरणांची नोंद म्हणजे कुंपण खराब आहे, जाळी बदला. ती तिथून जात होती, रोज जात होती, हे फक्त माझ्याकडे आहे.

घरी येऊन शाहिदला सगळं सांगितलं. तो भाजी निवडत होता. म्हणाला, "नोकरी जाईल."

"हो."

"इकामे जातील."

"हो."

त्याने हातातली जुडी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "मग शाळेला विचारून ठेव, दाखला किती दिवसांत देतात ते." आणि परत भाजी निवडायला लागला. मला वाटलं होतं तो भांडेल. भांडला असता तर मी कदाचित थांबले असते.

अफशाँ म्हणाली, "सो वी आर गोइंग बॅक बिकॉज ऑफ अ डिअर?" मी म्हटलं, हरणामुळे नाही, माझ्यामुळे. ती दोन दिवस बोलली नाही.

एकसष्ट फोटो, मूळ हद्दीचा नकाशा आणि एक पानाचं पत्र, असं मी माझ्या सहीने रस्त्याच्या मालकांकडे आणि वन्यजीव खात्याकडे पाठवलं. तिसऱ्या दिवशी डायरेक्टरांनी बोलावलं. दार लावलं नाही, चहासुद्धा मागवला. "फरहाना, फोटो तुम्हारे नहीं थे, कंपनी के थे," म्हणाले. मी म्हटलं, "जी, सही मेरी थी." त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. डिसेंबरात करार संपतोय, पुढे वाढवणार नाहीत. खलास.

तुमच्यावर रागावले होते का? रागावले होते. जूनचं पत्र वाचून चार दिवस. मग तोही थकवाच वाटला.

फरहाना


खमीस मुशैत,
१७ जानेवारी २०२५

चि. फरहाना,

तू गेलीस का, कुठे आहेस, ठाऊक नाही. ईमेल तोच असेल असं धरून लिहितोय.

सप्टेंबरात चौकशी समिती आली. पाच जण, दोन दिवस. अबू मिस्फरलाही बोलावलं होतं. तो इस्त्रीचा थोब, तो पायघोळ अरबी झगा, घालून आला. साहेबांनी विचारलं, "कशावरून म्हणता ही वाट होती?" तो त्यांना खडकापाशी घेऊन गेला आणि म्हणाला, "हात फिरवा." खुरांनी खडकाची कड गुळगुळीत झालीय. साहेबांनी हात फिरवला. मग तुझे फोटो मांडले. ते त्यांनी एकेक उचलून पाहिले.

आपण तीन बोगदे मागितले, एक मंजूर झाला. चव्वेचाळीसवर. दहा मीटर मागितले, सहा मिळाले. उरलेल्या दोन ठिकाणी "पुढील टप्प्यात विचार", म्हणजे कळलंच.

माझ्या पत्राचं उत्तर म्हणून मला प्रमुखपदावरून काढलं आणि सुयशला नेमलं. काम मात्र माझ्याकडूनच करून घेतलं. वाहता रस्ता, अर्धा बंद ठेवून अर्धा खणायचा. सुयश पहिले काही दिवस मला समोर बसवून सही करायला संकोचायचा. मी म्हटलं, "अरे, कर. मी केल्या तेवढ्या पुरे." पोरगा चांगला आहे. बोगद्याच्या तळाला काँक्रीट उघडं न ठेवता वादीतली माती टाकायची, ही कल्पना त्याची. मला सुचली नव्हती.

परवा काँक्रीटचा शेवटचा तुकडा बसला. मी आतून चालत गेलो. तेहतीस मीटर आहे. मधोमध वरून ट्रक गेला की छातीत घुमतं. दुसऱ्या टोकाला वादी दिसते, बाभळी, थोडं हिरवं. बाहेर आलो तर अबू मिस्फर बसलेला. मी विचारलं, "येतील?" तो म्हणाला, "वाट दाखवणाऱ्या म्हाताऱ्या माद्या तर मेल्या, मुहंदिस. पोरांना कोण सांगणार?"

मी त्याच्या शेजारी बसलो. त्याने थर्मासमधली कॉफी दिली.

२० फेब्रुवारीला मी कायमचा परत चाललो. सत्तावीस वर्षं झाली. विद्या विचारते, सामान किती आणणार. एक बॅग.

तुझं काय झालं ते कळव.

काका


खमीस मुशैत,
२८ सप्टेंबर २०२५

प्रिय काका,

पत्ता बघून दचकू नका. मी तुमच्याच गावात आहे.

तुमचं जानेवारीचं पत्र आलं तेव्हा आम्ही सामान बांधत होतो. इकामा संपायला थोडे दिवस होते. मग बोगद्यावर वर्षभर कॅमेरे लावून अहवाल द्यायला माणूस हवा होता, आणि वन्यजीव खात्यातल्या एका बाईंनी माझं नाव सुचवलं. पद खालचं, काम एका वर्षाचं, कुटुंबाला आणता येत नाही असं. शाहिद म्हणाला, "जा. चुकलं ते तुझ्या हाताने दुरुस्त होतंय तर कर." तो आणि अफशाँ रत्नागिरीला अब्बांकडे आहेत. तिची दहावी तिथेच झाली. निकाल बरा लागला, पण माझ्याशी अजून मोजकंच बोलते. अब्बांना मात्र रोज पेपर वाचून दाखवते, मराठी पेपर. त्यांनीच मला फोनवर सांगितलं. तुम्हाला मुद्दाम लिहितेय.

इतके दिवस लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. मार्चमध्ये खोकड आलं. एप्रिलमध्ये साळिंदर, मग तरसाची जोडी. अबू मिस्फरच्या शेळ्या पहिल्या दिवसापासून, आणि दुपारचा तो स्वतः, आडवा पडून. भटकी कुत्री आली, त्यांना हाकलायला मे आणि जून गेला. इदमी हरणं उत्तरेच्या तोंडापर्यंत सतरा वेळा आली. उभी राहायची, माती हुंगायची, वरून गाडी गेली की उधळायची. सतराही वेळा परत. दर महिन्याला मी ते तसंच लिहिलं. सुयश विचारायचा, "मॅडम, काही?" मी मान हलवायचे, तो कपाट उघडून काहीतरी शोधल्यासारखं करायचा.

मंगळवारी सकाळी कार्ड काढून बघितलं. पाच पन्नासला तीन हरणं तोंडाशी आली. दोन माद्या आणि एक वर्षाचं पिल्लू असावं, मादीच. हे पिल्लू कुंपण झाल्यानंतर जन्मलेलं. त्याने ती वाट कधी पाहिलेली नाही. पाच चोपन्नला ते आत शिरलं. मधल्या कॅमेऱ्यात थांबलेलं दिसतं, कान मागे. मग दक्षिणेच्या कॅमेऱ्यात, सहा वाजता, बाभळीपाशी. सहा वाजून नऊला वादीतल्या पाण्यावर मान खाली घातलेली.

बाकीच्या दोघी गेल्या नाहीत. ऊन येईपर्यंत अलीकडे उभ्या राहिल्या आणि डोंगरात निघून गेल्या. पिल्लू सात वाजता परत आलं, त्याच बोगद्यातून, एकटंच. त्यानंतर पाच दिवस झाले, कुणीही आलेलं नाही.

फोटो घेऊन मी अबू मिस्फरकडे गेले. त्याने फोन डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला. म्हणाला, "तिला कुणी सांगितलं नव्हतं." मग फोन परत दिला आणि शेळ्यांकडे गेला.

ऑफिसातल्या साहेबांना फार आनंद झाला. ते म्हणाले, "आता लिहू या ना, हरणांनी मार्ग स्वीकारला." त्यांचं वाक्य चांगलं होतं, काका, छान बसत होतं. मी म्हटलं, नाही सर. ते म्हणाले, "मग काय लिहायचं?"

लिहिलं ते असं: तोंडापर्यंत येणं, अठरा वेळा. ओलांडणं, एकदा, जाऊन-येऊन. प्राणी, एक.

खाली सही केली. आता चहा करते आणि झोपते.

तुमची,
फरहाना